गाणं घरातलं, संसार गाडीतला

शाळेत भरलेल्या एका कार्यक्रमासाठी लोरेटा वेब नावाच्या मुलीने चॉकलेट-पाय केला आणि त्यात साखर समजून मीठ घातलं. केंटकीच्या डोंगराळ भागात त्या काळी अशी रीत होती की मुलींनी घरून गोड पदार्थ करून आणायचा, त्याचा लिलाव करायचा, आणि ज्याची बोली सर्वांत चढी त्याला तो पदार्थ मिळायचा, शिवाय तो करणारीशी ओळख वाढवायची संधीही. लोरेटाच्या पदार्थावर बोली जिंकली ऑलिव्हर लिनने. लष्करातून नुकताच परतलेला, एकवीस वर्षांचा गडी. त्याने पहिला घास घेतला, काय समजायचं ते समजला, आणि महिन्याभरात, 10 जानेवारी 1948 रोजी, तिच्याशी लग्न करून मोकळा झाला. बायकोच्या हाताला चव नाही अशी तक्रार पुढे कधी करायची सोय त्याने स्वतःच घालवली. हा संसार अठ्ठेचाळीस वर्षं चालला. त्यात भांडणं भरपूर झाली, आणि त्यांतली बरीचशी अमेरिकेने तिकीट काढून ऐकली.

ही लोरेटा लिन. कंट्री संगीतातलं फार मोठं नाव. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डोंगरांतून, शेतांतून, खाणींतून वर आलेलं गाणं. गिटार, फिडल, बॅन्जो आणि किंचित नाकातून लागणारा सूर. विषय मोजकेच: घर, आई, देव, दारू, आगगाडी आणि निघून गेलेलं माणूस. पहिले तीन विषय माणसाला घरात बसवतात आणि उरलेले तीन घराबाहेर काढतात. हे गाणं गाणाऱ्यांचं आयुष्यही याच ओढाताणीत जातं. त्यातून बाई गाणारी असेल तर विचारायलाच नको.

लोरेटाचा जन्म 14 एप्रिल 1932चा, गाव बुचर हॉलो. वडील कोळशाच्या खाणीत कामाला, ती धरून भावंडं आठ. म्हणजे लग्नाच्या वेळी ती पंधरा वर्षांची होती. पण ती स्वतः तेरा सांगायची. आत्मचरित्रात तेरा, त्यावरून निघालेल्या सिनेमाची गोष्टही तीच. 2012 साली पत्रकारांनी जुनी कागदपत्रं शोधून काढली तेव्हा कळलं की बाईंनी वय कमी सांगितलं होतं. वय चोरणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही, पण इथे त्याची किंमत नवऱ्याने मोजली. इतकी वर्षं तो जगाच्या नजरेत तेरा वर्षांच्या पोरीशी लग्न करणारा बाप्या ठरला होता. अर्थात पंधरा हेही काही फार कौतुकाचं वय नव्हे.

लग्नानंतर जोडपं देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलं, वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळच्या कस्टर नावाच्या खेड्यात. नवरा लाकूडतोडीच्या कामावर. सगळे त्याला डूलिटल म्हणत, घरात नुसतं डू. विशी गाठेपर्यंत लोरेटाच्या पदरात चार मुलं होती. धुणी, भांडी, शेतात मजुरी, मुलं, आणि या सगळ्याच्या वर कायम काहीतरी गुणगुणणं. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईने ओवीतून सासर, माहेर, भाऊ, पाऊस, विठोबा आणि नवऱ्याचा तिरसट स्वभाव सगळं बाहेर काढलं. ते गाणं कामातून निघायचं आणि बहुधा घराच्या चार भिंतींतच जिरायचं. लोरेटाचंही तसंच झालं असतं. पण डूने सीअर्स कंपनीकडून सतरा डॉलरची एक गिटार आणून दिली आणि घोळ झाला.

घोळ म्हणायचं कारण असं. बाईला गायचंय आणि नवरा जाऊ देत नाही, ही गोष्ट आपल्या चांगली ओळखीची आहे. त्यावर नाटकं आहेत, सिनेमे आहेत. इथे उलटं होतं. बाई लाजाळू. मुलांसमोर, पाळण्यापाशी गायची ती. नवऱ्यालाच वाटायचं की हिने लोकांसमोर गावं. एका स्थानिक बँडवाल्यांना त्याने ठणकावून सांगितलं की किटी वेल्स सोडली तर माझ्या बायकोइतकं चांगलं देशात कोणी गात नाही. किटी वेल्स ही त्या वेळची कंट्रीची सम्राज्ञी. बायकोचं असं कौतुक करणारा नवरा मिळायला भाग्य लागतं. फक्त बायकोला विचारून केलं असतं तर जास्त बरं दिसलं असतं. लोरेटाने चारचौघांत जाऊन गायलं. तिशीकडे झुकलेल्या, चार मुलांच्या त्या आईचं असं नवं आयुष्य सुरू झालं.

1960मध्ये झिरो रेकॉर्ड्स या बारक्या कंपनीने तिची पहिली तबकडी काढली. जाहिरातीला पैसे नव्हते. नवरा-बायको मोटारीत बसले आणि रेडिओ स्टेशन दिसेल तिथे थांबत निघाले. आत जायचं, निवेदकाला तबकडी द्यायची, जमल्यास तिथेच मुलाखत उरकायची, पुन्हा रस्त्याला लागायचं. जेवण म्हणजे गाडीतच मांसाचे काप आणि चीज घातलेलं सँडविच. ते गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलं. ऑक्टोबरमध्ये ती नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीच्या रंगमंचावर उभी होती. हाच तो कार्यक्रम, जो बुचर हॉलोमध्ये शनिवारी रात्री बॅटरीवरच्या रेडिओला कान लावून सगळं घर ऐकायचं.

आता इथे थोडा हिशेब पाहायला हवा, कारण या धंद्यातल्या घरगुती अडचणींचं मूळ भावनांपेक्षा हिशेबात जास्त आहे. ऑप्रीवर गायला मिळणं हा मान होता, पण मानधन किरकोळ. साठच्या दशकात नियम असा की सभासद कलावंताने वर्षातले 26 शनिवार तिथे हजर राहिलं पाहिजे. शनिवारची रात्र ही बाहेरगावच्या कार्यक्रमांची सर्वांत कमाईची रात्र, ती तिथे द्यायची. तबकडीचा पैसा कंपनी, प्रकाशक, निर्माता असा सगळ्यांच्या हातांतून झिरपत यायचा. पोट भरायचं ते दौऱ्यावर. जिल्ह्याजिल्ह्याच्या जत्रा, शाळांची सभागृहं, नाचघरं. आज एका राज्यात, उद्या दुसऱ्यात, मधली रात्र बसमध्ये. गाणं गाजलं की मागणी वाढायची, म्हणजे घरी राहण्याचे दिवस कमी व्हायचे. पडलं तर दिवस मिळायचे, पण मग घराचे हप्ते थकायचे. यात शहाणपणाने वागायला जागाच कुठे आहे?

तरी लोरेटाच्या गाण्यांतली बाई मात्र कायम घरात असते. मला तिची गाणी आवडायला लागली ती त्यातल्या भांड्यांच्या आवाजामुळे. 1971 अखेर आलेलं तिचं 'वन्स ऑन द वे' घ्या. कॅन्ससमधल्या टोपीका शहरातली एक गृहिणी: एक मूल रडतंय, दुसरं काहीतरी सांडतंय, बाहेर पाऊस, आणि पोटात आणखी एक. तिकडे वर्तमानपत्रांत नट्यांचे झगे आणि स्त्रीमुक्तीच्या गप्पा चालू आहेत. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि रेडिओसमोर उष्टी काढणाऱ्या हजारो बायकांना वाटलं, आपल्या मनातलं कोणीतरी बोललं. ते लिहिलं होतं शेल सिल्व्हरस्टीनने. हा शिकागोचा व्यंगचित्रकार, दाढीवाला, आणि आयुष्यभर अविवाहित. गायलं ते अशा बाईने, जी तेव्हा वर्षातला बराच काळ महामार्गावर होती आणि जिच्या मुलांचं उष्टंखरकटं दुसरंच कोणी काढत होतं. लबाडी म्हणावी का याला? मला नाही वाटत. चार मुलांचं तिने एकहाती केलेलं होतं, पाण्याच्या बादल्याही उचललेल्या होत्या. पण त्या कामाचं गाणं व्हायला आधी त्या कामातून हात सुटावे लागले.

1964मध्ये जुळ्या मुली झाल्या. एकीचं नाव पॅट्सी ठेवलं, गायिका मैत्रीण पॅट्सी क्लाइनच्या आठवणीत. या दोघींची ओळख होण्याची कथाही छान आहे. 1961च्या जूनमध्ये पॅट्सी मोटार अपघातात जबर जखमी होऊन इस्पितळात पडली होती. लोरेटाने रेडिओवर तिचंच गाणं तिच्यासाठी गायलं. पॅट्सीने ते खाटेवरून ऐकलं आणि नवऱ्याला पिटाळलं, त्या मुलीला घेऊन ये. मग नॅशव्हिलमध्ये कसं राहायचं, काय घालायचं, कार्यक्रमाचे पैसे आधी कसे मागायचे, हे सगळं पॅट्सीने शिकवलं. जुने कपडे दिले, खिडकीचे पडदेसुद्धा दिले. तिला दोन लहान मुलं होती. मार्च 1963मध्ये कॅन्सस सिटीचा एक मदतनिधीचा कार्यक्रम आटोपल्यावर हवा खराब होती. डॉटी वेस्ट या गायिकेने म्हटलं, आमच्याबरोबर मोटारीतून चल. पॅट्सीला मुलांसाठी घरी लवकर पोचायचं होतं. ती छोट्या विमानात बसली, आणि 5 मार्चला ते विमान टेनेसीतल्या कॅम्डेनजवळ कोसळलं. तीस वर्षांची होती.

जुळ्यांना सांभाळलं ते मुख्यतः डूने आणि घरकामाच्या बायकांनी. आई दौऱ्यावरून आली की मुलींना पाहुणी आल्यासारखं वाटायचं, हे लोरेटाने स्वतः कबूल केलंय. म्हणजे 1960च्या दशकात, अमेरिकेच्या सर्वांत जुन्या वळणाच्या भागात, बायको कमावती आणि नवरा घरी मुलांपाशी, अशी व्यवस्था एका घरात बिनबोभाट चालू होती. ती पुरोगामी होती म्हणून कोणी तिचा गौरव केला नाही. डूला गौरव आवडलाही नसता. तो गुरं बघायचा, ट्रॅक्टर चालवायचा, बायकोच्या पैशांचे व्यवहार बघायचा आणि प्यायचा.

प्यायचा, बाहेर भानगडी करायचा, हातही उचलायचा. लोरेटाने हे काही लपवलं नाही. त्याने एक दिली की मी दोन दिल्या, असं ती सांगायची. वाचताना हसू येतं आणि मग येत नाही. पण इथे तिने जे केलं त्याला तोड नाही. आपण म्हणतो घरची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत. तिने ती चव्हाट्यावर धुतली, वाळवली, इस्त्री केली आणि विकली. 'दारू पिऊन रंगात येऊन घरी येऊ नकोस' या अर्थाचं तिचं गाणं फेब्रुवारी 1967मध्ये कंट्री यादीत पहिलं आलं, तिचं पहिलंवहिलं पहिल्या क्रमांकाचं गाणं. दुसऱ्या वर्षी 'फिस्ट सिटी' आलं: माझ्या नवऱ्याच्या वाटेला जाशील तर ठोसे खाशील, अशी एका बाईला सरळ तंबी. तीही बाई काल्पनिक नव्हती. माझ्या प्रत्येक गाण्यात डू कुठे ना कुठे असतोच, असं लोरेटा म्हणायची. आता डूची बाजू बघा. सभागृह भरलेलं, बायको झगमगत्या झग्यात उभं राहून आपल्या कर्तबगारीचं वर्णन करतेय, लोक शिट्ट्या मारताहेत, आणि आपण मागे गल्ला मोजतोय. बदनामीतला वाटा इतक्या नियमितपणे मिळालेला नवरा दुसरा दाखवा.

सहा मुलं झालेल्या बाईने 1975मध्ये 'द पिल' नावाचं गाणं बाजारात आणलं. गर्भनिरोधक गोळीवरचं, आणि तेही खुशीत, आता माझे दिवस आले अशा थाटाचं. ध्वनिमुद्रण 1972चं, पण कंपनीने तीन वर्षं दाबून ठेवलेलं. अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, तरी ते कंट्री यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. खेड्यापाड्यांतले डॉक्टर येऊन मला सांगतात, आमच्या सगळ्या माहितीपत्रकांनी झालं नाही ते तुझ्या एका गाण्याने झालं, असं ती नंतर सांगत असे. कुटुंबनियोजनाच्या भिंतीवरच्या घोषणा वाचत वाढलेल्या आमच्या पिढीला हे ऐकून थोडं वाईट वाटतं. आमच्या वाट्याला आला लाल त्रिकोण. त्याला चाल लावायचं कोणाला सुचलं नाही.

आपल्याकडे सत्कारसमारंभात गायिकेबद्दल एक वाक्य हमखास येतं: घरसंसार सांभाळून यांनी कला जोपासली. मग टाळ्या. पुरुष गायकाच्या सत्कारात त्याच जागी दुसरं वाक्य असतं: यांना पत्नीची मोलाची साथ लाभली. पत्नी पहिल्या रांगेत, तिला एक शाल. मी अशा सभांना पुष्कळ बसले आहे. अजून एकाही बुवांना कोणी विचारलेलं ऐकलं नाही की मैफलींच्या धबडग्यात डबे कोण भरायचं. अमेरिकेतही चित्र फारसं वेगळं नाही. कंट्री गायक जॉनी कॅशचं 'आय वॉक द लाइन' हे 1956चं अजरामर गाणं बायकोला दिलेलं वचन आहे, मी सरळ रेषेत चालेन असं. बायको व्हिव्हियन चार मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात घरी, जॉनी दौऱ्यावर, आणि रेषा हळूहळू वाकडी होत गेलेली. अखेर काडीमोड झाला. गाणं अजून वाजतं. त्याने संगीत आणि संसार यांचा मेळ कसा घातला, हा प्रश्न त्याच्या बाबतीत कोणी फारसा उकरला नाही. त्याला लोक त्याने तुरुंगांत जाऊन केलेल्या मैफलींबद्दल विचारत.

कंट्री गायिका डॉली पार्टनने वेगळा तोडगा काढला. तिचा नवरा कार्ल डीन नॅशव्हिलमध्ये रस्त्यांच्या डांबरीकरणाचा व्यवसाय करायचा. समारंभांना यायचा नाही, फोटोला उभा राहायचा नाही. 1966मध्ये लग्न झालं ते 2025मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत टिकलं. मी सतत बाहेर असते हेच आमच्या सुखाचं रहस्य, असं डॉली चेष्टेत म्हणायची. चेष्टाच ती, पण हे वाचून आमच्या ओळखीतल्या दोन-तीन गृहस्थांनी जरा जास्तच जोरात मान डोलवली.

या सगळ्याची गंगोत्री मात्र कार्टर कुटुंबात आहे. 1927 सालचा जुलै संपत आला होता. व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन उतरले होते आणि डोंगरातल्या गाणाऱ्यांना बोलावत होते. एका गाण्याला पन्नास डॉलर. व्हर्जिनियाच्या एका खोऱ्यात राहणाऱ्या ए. पी. कार्टर नावाच्या माणसाने ठरवलं की आपण जायचं. गाणार त्याची बायको सारा. गिटार वाजवणार मेबेल, म्हणजे साराची चुलतबहीण आणि ए. पी.च्या भावाची बायको. ती अठरा वर्षांची आणि दिवस भरत आलेले. साराजवळ अंगावर पिणारं मूल. मोटार होती ती मेबेलच्या नवऱ्याची. तो ना गरोदर बायकोला पाठवायला राजी, ना मोटार द्यायला. शेवटी ए. पी.ने भावाच्या मक्याच्या शेतातलं तण काढून द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे दोन्ही मिळालं. अमेरिकन संगीताच्या इतिहासातली ही महत्त्वाची वाटाघाट खुरपणीवर सुटली. मूल सांभाळायला आठ वर्षांची थोरली मुलगी बरोबर घेतली. अंतर पंचवीसेक मैल, पण रस्ते असे की चाकं पंक्चर होत होत दिवस गेला.

1 आणि 2 ऑगस्टला मिळून त्यांनी सहा गाणी दिली. दुसऱ्या दिवशी ए. पी. नव्हता, टायरच्या दुरुस्तीला गेला होता असं सांगतात. दोघी जावांनीच काम उरकलं. त्यातलं एक गाणं होतं 'सिंगल गर्ल, मॅरिड गर्ल': बिनलग्नाची पोरगी नटूनथटून हवं तिथे फिरते आणि लग्न झालेली पाळणा हलवत बसते. साराला ते गाणं मुळीच आवडत नव्हतं. पीअरने आग्रह धरला. तान्हं मूल जवळपास थोरल्या बहिणीच्या हवाली, शेजारी पोटुशी जाऊ, नवरा टायरवाल्याकडे, आणि आपण काय गातोय! मला वाटतं, जगात इतका चपखल प्रसंग साधून फार कमी गाणी मुद्रित झाली असतील. ती तबकडी चांगली खपली.

पुढे ए. पी. नवी-जुनी गाणी गोळा करत महिनोनमहिने डोंगरातून भटकायचा. हे काम फार मोलाचं, त्यावर अख्खं कंट्री संगीत उभं आहे. पण त्या काळात चुलीला लाकूड कोण तोडत होतं? सारा. ती अखेर घर सोडून गेली, रीतसर घटस्फोट झाला. गंमत अशी की संसार मोडला तरी कार्यक्रम मोडले नाहीत. घटस्फोटित नवरा-बायको 'कार्टर कुटुंब' याच नावाने 1940च्या दशकापर्यंत एकत्र गात राहिले. सुखी घराची, आईच्या मायेची, स्वर्गात पुन्हा भेटण्याची गाणी. श्रोत्यांना काही कळलं नाही. कळलं असतं तरी त्यांनी रेडिओ बंद केला नसता. मेबेलने आपल्या तीन मुलींनाच बँडमध्ये घेतलं, म्हणजे मुलांपासून लांब राहण्याचा प्रश्नच मिटला. शाळेचं काय झालं, हा वेगळा प्रश्न. त्या तिघींतली जून पुढे जॉनी कॅशची दुसरी बायको झाली.

लोरेटाकडे परत येते. 1966मध्ये ती आणि डू टेनेसीत घर शोधत असताना तिला टेकडीवरचं खांबांचं पांढरं मोठं घर दिसलं. मला हेच पाहिजे, म्हणाली. व्यवहार झाल्यावर लक्षात आलं की घराबरोबर हरिकेन मिल्स नावाचं गावच आपल्या गळ्यात आलंय, गिरणीसकट. त्यांनी तिथे गुरांचा वाडा केला, पुढे पर्यटकांसाठी तंबूची जागा केली, संग्रहालय केलं, बुचर हॉलोच्या खोपटाची प्रतिकृतीही उभारली. मोठ्या घरातून तिकीट लावून सहली निघू लागल्या. त्यामुळे अशी परिस्थिती आली की लोरेटाचं स्वयंपाकघर लोरेटापेक्षा ओहायोहून आलेल्या पर्यटकांनी जास्त निवांतपणे पाहिलं असेल. टीव्हीवर मात्र ती क्रिस्कोच्या जाहिरातीत पदार्थ तळताना दिसायची. क्रिस्को म्हणजे तिकडचं वनस्पती तूप, डालडा म्हटलं की आपल्याला कळेल. 2004मध्ये तिच्या नावाचं पाककृतींचं पुस्तकही आलं. ज्या बाईच्या ख्यातीची सुरुवात मिठाच्या चॉकलेट-पायने झाली तिचं पाकशास्त्रावर पुस्तक येतं, यालाच कर्तृत्व म्हणतात.

1984मध्ये अतिश्रमाने ती दौऱ्यावरच आजारी पडली आणि इलिनॉयमधल्या इस्पितळात होती. त्याच दिवसांत तिकडे हरिकेन मिल्सच्या नदीत तिचा थोरला मुलगा बुडाला. डू स्वतः तिथवर गेला आणि त्याने तिला ते सांगितलं. यावर मला काही लिहायचं नाही.

नव्वदच्या दशकात डूचा मधुमेह बळावला, पाय गेले. तेव्हा जिच्या नावावर सभागृहं भरायची ती बाई काम बाजूला ठेवून घरी बसली आणि त्याची सेवा केली, 1996च्या ऑगस्टमध्ये तो जाईपर्यंत. इतकी वर्षं न जमलेलं घरी राहणं तिला जमलं ते असं. काहींना यात प्रेम दिसतं, काहींना बायकांची जन्मजात शिक्षा. मला दोन्ही दिसतं आणि कुठलं जास्त ते ठरवावंसं वाटत नाही. तो गेल्यावर ती पुन्हा बसमध्ये चढली. 2004चा 'व्हॅन लिअर रोज' हा अल्बम तिने तिच्या निम्म्या वयाच्याही आतल्या जॅक व्हाइट या रॉक गायकाबरोबर केला आणि त्याला दोन ग्रॅमी मिळाले. 2017मध्ये पक्षाघाताचा झटका येईपर्यंत, म्हणजे पंच्याऐंशीपर्यंत, ती दौरे करत होती.

आणि त्या जुळ्या मुली, ज्यांना आई पाहुणी वाटायची? त्यांनी वकिली केली नाही, डॉक्टरकी केली नाही, नऊ ते पाचची नोकरी धरली नाही. 1990च्या दशकाच्या अखेरीस दोघींनी 'द लिन्स' नावाने जोडीने गायला सुरुवात केली आणि दौऱ्यावर निघाल्या. पुढे त्यांतली पॅट्सी निर्मातीही झाली. 2007पासून तिने आईला हेंडरसनव्हिलच्या कॅश केबिन स्टुडिओत नेऊन बसवलं आणि शेकड्याच्या घरात जातील इतकी गाणी गाऊन घेतली, जुनी, नवी, लहानपणची. पोरीने आईचा वेळ असा मागून वसूल केला. तिच्याबरोबरचा सहनिर्माता होता जॉन कार्टर कॅश, म्हणजे जॉनी आणि जूनचा मुलगा, मेबेलचा नातू. तोही स्टेजच्या मागेच वाढलेला. या दोघांनी मिळून लोरेटाचे शेवटचे अल्बम केले. 'स्टिल वुमन इनफ' त्यातला अखेरचा, मार्च 2021मध्ये आला. त्यात कार्टर कुटुंबाचं 'कीप ऑन द सनी साइड'ही आहे. तो तिचा पन्नासावा स्टुडिओ अल्बम, आणि तेव्हा बाई 88 वर्षांच्या होत्या. हे वय मात्र कागदपत्रांप्रमाणे.